तिखटापलीकडची मिरची

म्हैसूर जिल्ह्याच्या पेरियापट्टण तालुक्यात बेट्टदपुर नावाचे गाव आहे. गावालगतच्या डोंगरावर सिडिलु मल्लिकार्जुनाचे मंदिर असून कन्नड भाषेत ‘सिडिलु’ म्हणजे आकाशातून कोसळणारी वीज. भोवतालच्या शिवारात तंबाखूचे पीक मोठे. संकेती ब्राह्मणांच्या जुन्या वसाहतींपैकी ही एक. म्हैसूरकडील अशा गावांतून साराची पूड, म्हणजे तिकडची ‘सारिनपुडी’, घरी करावयाची झाली की दोन प्रकारच्या मिरच्या निवडल्या जातात. एक गुंटूरची, तिखटपणासाठी. दुसरी बेडगी, रंगासाठी आणि वासासाठी. महाराष्ट्रातून बदली होऊन त्या बाजूस गेलेल्या कुटुंबांना हा भेद प्रथम नवखा वाटतो. पण मग आठवते की कोल्हापूरची गृहिणी कांदा-लसूण मसाल्यासाठी बेडगी, संकेश्वरी आणि लवंगी यांचे प्रमाण ठरविते तेव्हा तीही हेच करीत असते.

मिरची म्हणजे केवळ तिखट नव्हे, ही जाण जगाच्या आणखी एका भागात फार बारकाईने जोपासली गेली आहे. तुर्कस्तानच्या आग्नेय भागातील माराश, उर्फा आणि सीमेपलीकडील सीरियातील अलेप्पो या शहरांच्या परिसरात मिरचीचे लाल कण तयार होतात. तुर्की भाषेत त्यांना ‘पुल बिबेर’ म्हणतात. ‘पुल’ म्हणजे खवला किंवा टिकली आणि ‘बिबेर’ म्हणजे मिरची. पिझ्झाबरोबर कागदी पुडीतून मिळणारे कोरडे, बियांनी भरलेले कण ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी ते चित्र डोळ्यांसमोरून दूर केलेले बरे. पुल बिबेर हाताला किंचित ओलसर आणि तेलकट लागते. पिकून लाल झालेली मांसल मिरची चिरून, बऱ्याचशा बिया काढून उन्हात वाळवितात, भरड कुटतात आणि तिला मीठ व तेल चोळतात. तिखटपणा बेताचा, चवीत फळासारखा गोडवा आणि शेवटी हलकी आंबट छटा.

उर्फा येथील ‘इसोत’ ही तिचीच काळसर बहीण. ती मिरची दिवसा उन्हात पसरतात आणि रात्री गुंडाळून झाकून ठेवतात. दिवसाची उष्णता आणि रात्रीचा दमटपणा यांच्या आलटून-पालटून होणाऱ्या संस्काराने तिचा रंग जांभळट काळा होतो आणि चवीत मनुकांची व धुराची आठवण उतरते.

मिरची मूळची अमेरिका खंडातील. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ती गोव्याच्या किनाऱ्यावर उतरविली. 1516 मध्ये अलेप्पो उस्मानी साम्राज्यात गेले आणि त्याच शतकात त्या साम्राज्यातही मिरची पसरू लागली. म्हणजे दोन्ही प्रदेशांची या पाहुणीशी ओळख जवळजवळ समवयस्क आहे. गेल्या काही वर्षांत मात्र तिकडच्या मिरचीवर मोठे आघात झाले. 2011 पासूनच्या सीरियातील यादवीत अलेप्पो परिसरातील शेती व व्यापार विस्कळीत झाला आणि त्या नावाने विकली जाणारी मिरची मोठ्या प्रमाणावर तुर्कस्तानातून येऊ लागली. 6 फेब्रुवारी 2023 रोजी झालेल्या भूकंपाचा केंद्रबिंदू माराशच्याच परिसरात होता. त्यात एकट्या तुर्कस्तानात 50 हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

आता स्वयंपाकघराकडे वळू. मिरचीचा लाल रंग आणि तिचा तिखटपणा ही दोन्ही द्रव्ये पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, स्निग्ध पदार्थात मात्र सहज उतरतात. मिसळीच्या कटावरील लाल तवंग हा याचा रोजचा पुरावा. तुर्की स्वयंपाकी याच गुणाचा उपयोग करतो. लोणी वितळवून, भांडे आचेवरून उतरवून, मग त्यात पुल बिबेर टाकतो. काही क्षणांत लोणी केशरी-लाल होते आणि ते मसूरडाळीच्या सारावर धारेने सोडले जाते. ‘चिल्बिर’ नावाच्या पदार्थात लसूण व मीठ घातलेले घट्ट दही पसरट बशीत घेऊन त्यावर पाण्यात शिजविलेले बिनकवचाचे अंडे ठेवतात आणि वरून हेच लोणी ओततात. दही अगदी थंडगार नसावे, एवढेच पथ्य. आपल्याकडे फोडणीत लाल तिखट घालण्यापूर्वी गॅस बंद करण्याचा जो परिपाठ आहे, त्यामागचे कारणही तेच. मिरचीतील साखर पटकन करपते, आणि करपलेल्या मिरचीचा कडवटपणा कशानेही झाकता येत नाही.

मग हे कण परदेशातूनच आणावयास हवेत काय? मोठ्या शहरांतील काही दुकानांत ते मिळतात, पण किंमत भारी असते. त्यापेक्षा बेडगी घरी असतेच. तिचा रंग गडद, तिखटपणा सौम्य आणि सुगंध मनमोकळा. साधारण 100 ग्रॅम मिरच्या कोरड्या फडक्याने पुसून देठ काढावेत, मिरच्या मोडून बिया झटकाव्यात. तिखटपणा बियांत असतो ही समजूत सार्वत्रिक असली तरी खरी नाही. तो मुख्यतः बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतील पांढरट शिरेत असतो. बिया काढावयाच्या त्या कण एकसारखे लाल दिसावेत म्हणून. नंतर मिरच्या कडक उन्हात तासभर ठेवाव्यात किंवा जाड कढईत मंद आचेवर रंग न बदलता जेमतेम गरम कराव्यात. निवल्यावर खलबत्त्यात कुटाव्यात. मिक्सर वापरल्यास बटण क्षणभर दाबून सोडावे. सलग फिरविल्यास भरड न होता तिखट होते. चाळणीखाली पडलेली पूड आमटीसाठी ठेवावी आणि वरच्या भरडीला अर्धा चमचा मीठ व दोन चमचे तेल चोळावे. तुर्कस्तानात ऑलिव्हचे तेल वापरतात, आपल्याकडे शेंगदाण्याचे चालते. घट्ट झाकणाच्या बरणीत भरून ती फ्रिजमध्ये ठेवावी आणि काही आठवड्यांत संपवावी. बेडगीची साल पातळ व सुरकुतलेली, तुर्की मिरचीची जाड व रसाळ. त्यामुळे ती आंबट छटा यात येत नाही. वाढताना लिंबाचे दोन थेंब पिळले की ही उणीव बरीचशी भरून निघते. दहीभात, काकडीची कोशिंबीर, मुगाची खिचडी, भाजलेल्या वांग्याचे भरीत, यांवर चिमूटभर भरड आणि चमचाभर गरम तूप घालून पाहावे.

घरी कुटण्यात आणखी एक लाभ आहे. रंगावर भाळणाऱ्या ग्राहकाला फसविणे सोपे असते. ‘सुदान’ नावाच्या औद्योगिक रंगांची मिरचीपुडीतील भेसळ 2003 मध्ये युरोपात उघडकीस आली आणि 2005 मध्ये ब्रिटनमध्ये शेकडो खाद्यपदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले. ग्लासभर पाण्यावर तिखट भुरभुरून रंगाच्या रेघा खाली उतरतात का ते पाहण्याची घरगुती परीक्षा उपयोगी आहे, परंतु ती पाण्यात विरघळणाऱ्या रंगापुरतीच. सुदान रंग तेलात विरघळतात, ते या परीक्षेत सापडत नाहीत. अख्खी मिरची पारखून घेणे त्याहून भरवशाचे. बुरशीचा वास किंवा आतून करडेपणा दिसल्यास ती टाकून द्यावी, कारण नीट न वाळलेल्या मिरचीत घातक बुरशीजन्य विष तयार होऊ शकते.

बेडगीला हे नाव हावेरी जिल्ह्यातील ब्याडगी या बाजारपेठेच्या गावावरून मिळाले. 2011 मध्ये तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला. तिच्या ‘डब्बी’ आणि ‘कड्डी’ या दोन जाती प्रसिद्ध आहेत. पहिली आखूड व फुगीर, दुसरी लांब व सडपातळ. तिच्यापासून काढलेला नैसर्गिक रंगार्क खाद्यपदार्थांच्या उद्योगात वापरला जातो. परंतु मागणी असूनही उत्पादकाच्या हाती स्थिर भाव लागतोच असे नाही. अलीकडे बळ्ळारी, रायचूर आणि आंध्र प्रदेशातून संकरित वाणांची मिरचीही याच बाजारात मोठ्या प्रमाणावर येते. मार्च 2024 मध्ये भाव कोसळल्यावर ब्याडगीच्या बाजार समितीत शेतकऱ्यांचा असंतोष इतका उफाळला की वाहने पेटविली गेली.

वर्षभराची मेहनत एका दिवसाच्या लिलावावर सोडून द्यावी लागू नये म्हणून शीतगृहाचा आधार घेता येतो. 2007 च्या वखार कायद्यान्वये 2010 मध्ये वखार विकास व विनियमन प्राधिकरण स्थापन झाले. नोंदणीकृत वखारीत माल ठेवून मिळणारी पावती बँकेकडे तारण ठेवता येते. घरखर्च व पुढील पेरणीची गरज कर्जातून भागते आणि माल विकण्याची घाई टळते. अर्थात भाव पुढे चढेलच याची हमी पावती देत नाही, आणि शीतगृहाचे भाडे व कर्जाचे व्याज दरमहा वाढत असते. म्हणून किती पोती ठेवावयाची आणि किती लगेच विकावयाची, हा हिशेब ज्याचा त्यालाच करावा लागतो.

नव्या हंगामाची बेडगी साधारणपणे जानेवारीपासून बाजारात येऊ लागते. वर्षाच्या मसाल्याची खरेदी करताना दोन मूठ मिरच्या बाजूला काढून ठेवल्या, तर भरडीची एक बरणी त्यातच होते.