युद्ध सीमेवर, कायदा मानेवर!

परकीय सैन्य सीमा ओलांडून आत घुसले की लोकांचे रक्त तापते. तापलेच पाहिजे. पण अशा वेळी संसदेने काय करावे, हा प्रश्न राज्यघटनेचा आहे. संसदेने सरकारला फक्त बळ द्यावे, की जाबही विचारावा? परदेशातून लष्करी मदत येणार असेल तर ती कोणत्या अटींवर येते, हे संसदेला कळावे की नाही? आणि युद्धासाठी दिलेले अधिकार युद्ध संपल्यावर परत घ्यावेत की नाही? १९६२ च्या चिनी आक्रमणाने हे तिन्ही प्रश्न आपल्यापुढे टाकले. त्यांची उत्तरे आपण आजही दिलेली नाहीत, म्हणून आम्ही हा इतिहास पुन्हा मांडत आहोत.

हा इतिहास बाबासाहेबांपासून सुरू होतो. मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर १० ऑक्टोबर १९५१ च्या निवेदनात त्यांनी देशापुढे साधा हिशेब ठेवला. सरकारचा वार्षिक महसूल ३५० कोटी आणि त्यातले सुमारे १८० कोटी लष्करावर! आपल्या परराष्ट्र धोरणाने मित्र उरू दिले नाहीत, त्याची ही किंमत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. निवेदनाची प्रत आधी द्या, असा आग्रह पीठासीन अधिकाऱ्यांनी धरला. बाबासाहेब सभागृहातून निघून गेले आणि निवेदन वृत्तपत्रांच्या हाती दिले. पुढे २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत त्यांनी तिबेट आणि पंचशीलावर सरकारला खडे बोल सुनावले. चीनला पंचशीलाची चाड नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. ते ऐकले कोणी? आठ वर्षांनी, २० ऑक्टोबर १९६२ ला चिनी फौजा चालून आल्या.

मग काय झाले? २६ ऑक्टोबरला घटनेच्या कलम ३५२ खाली आणीबाणी पुकारली गेली आणि त्याच दिवशी भारत संरक्षण वटहुकूम निघाला. ८ नोव्हेंबरला संसद बसली. नेहरूंना जे श्रेय द्यायचे ते आम्ही देतो. डॉ. लक्ष्मीमल सिंघवी यांनी गुप्त बैठकीची सूचना केली होती, ती नेहरूंनी नाकारली. लोकसभेत १६५ सदस्य बोलले. युद्ध चालू असताना सरकारचे वाभाडे निघाले आणि देश काही बुडाला नाही. १४ नोव्हेंबरला आक्रमकाला हुसकावून लावण्याचा ठराव एकमुखाने झाला.

त्याच १४ नोव्हेंबरला वॉशिंग्टनमध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात लष्करी मदतीबाबत पत्रांची देवाणघेवाण होऊन करार झाला. पाच दिवसांनी, १९ नोव्हेंबरला, नेहरूंनी अध्यक्ष केनेडी यांना पत्रे पाठवली. मागणी काय होती? लढाऊ विमानांची बारा पथके, रडार यंत्रणा, आणि आपली माणसे तयार होईपर्यंत ती चालवायला अमेरिकन माणसे! अलिप्ततेचे धोरण सांगणारा देश परक्या हवाई दलाला बोलावत होता आणि अधिवेशन चालू असलेल्या संसदेला त्याचा पत्ता नव्हता. १९६५ मध्ये सुधीर घोष यांनी राज्यसभेत हा विषय काढला तेव्हा खळबळ माजली. त्या पत्रांचा पूर्ण मजकूर तर कित्येक दशके गुप्त राहिला.

मदत मागणे हा गुन्हा नव्हे. घर पेटल्यावर शेजाऱ्याकडे बादली मागावीच लागते. आमचा आक्षेप लपवालपवीला आहे. बाबासाहेबांचाही मदतीला विरोध नव्हता. मित्र जोडा, पण उघडपणे आणि विचार करून जोडा, हाच त्यांचा रोख होता.

अमेरिकेचा हिशेब पाहा. तिथे परदेशाला द्यायच्या शस्त्रमदतीचा पैसा काँग्रेस मंजूर करते आणि अटीही घालते. १९८५ च्या प्रेसलर दुरुस्तीने अट घातली की, पाकिस्तानकडे अण्वस्त्र नाही असे राष्ट्राध्यक्षांनी दरवर्षी लिहून द्यावे. १९९० मध्ये तसे लिहून देता आले नाही आणि मदत थांबली. रशियाने हल्ला केलेल्या युक्रेनसाठीचे सुमारे ६१ अब्ज डॉलर काँग्रेसमध्ये महिनोन्‌महिने अडून राहिले आणि एप्रिल २०२४ मध्ये मतदान होऊन सुटले. ते धोरण चांगले की वाईट, हा वेगळा वाद. पण देणाऱ्या देशाची संसद मतदान करते आणि घेणाऱ्या देशाच्या संसदेने वर्तमानपत्रात वाचायचे, ही कुठली लोकशाही?

आता कायद्याकडे येऊ. सीमेवरच्या शत्रूसाठी केलेला कायदा पडला कोणाच्या मानेवर? आसाम, मेघालय, दार्जिलिंग या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी सुमारे तीन हजार चिनी वंशाची माणसे बायकामुलांसह आगगाडीत कोंबून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेली गेली. गुन्हा एकच, वंश! जन्मावरून माणसाला दोषी ठरवणे म्हणजे काय, हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

राष्ट्रपतींच्या आदेशाने कलम २१ आणि २२ साठी, आणि आठवडाभरात कलम १४ साठीही, न्यायालयाचा दरवाजा बंद झाला. १९६३ च्या माखनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो बंद दरवाजा मान्य केला. निकाल न्या. गजेंद्रगडकरांनी लिहिला, न्या. सुब्बाराव यांनी वेगळे मत नोंदवले. एक फट मात्र उरली. स्थानबद्धता त्या कायद्यालाच सोडून असेल किंवा दुष्ट हेतूने केलेली असेल, तर दाद मागता येईल.

त्याच फटीतून एक मराठी पुस्तक बाहेर आले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे आपण यशवंतराव चव्हाणांबद्दल अभिमानाने सांगतो. त्याच काळात मुंबईच्या तुरुंगात कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर संझगिरी भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध होते. त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानाचे पुस्तक लिहिले. हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवायला महाराष्ट्र सरकारने नकार दिला. अणूची माहिती मराठीत छापली तर देश धोक्यात येणार होता काय? उच्च न्यायालयाने परवानगी दिली, तर सरकार अपिलात गेले. ६ सप्टेंबर १९६५ रोजी, म्हणजे पाकिस्तानशी युद्ध पेटलेले असताना, सर्वोच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निकाल दिला. युद्धातही न्याय करता येतो, याचा हा दाखला प्रत्येक तरुण वकिलाने पाठ करावा.

चीनने युद्धविराम जाहीर केला १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये. आणीबाणी उठली १० जानेवारी १९६८ ला! एकदा संसदेची मंजुरी मिळाली की पुन्हा विचारायची गरज त्या वेळी नव्हती. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांनी सत्याग्रह करून तुरुंग भरले, तेव्हा कलम १९ चे संरक्षण स्थगित होते. तरीही आमची माणसे जमिनीसाठी रस्त्यावर उतरली. आणि आणीबाणी उठण्याच्या अकरा दिवस आधी, ३० डिसेंबर १९६७ ला, बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा, म्हणजेच आजचा यूएपीए, अमलात आला. पुढच्या दुरुस्त्यांनी तो अधिकच कठोर केला. याच कायद्याखाली १४ एप्रिल २०२० रोजी, भीमजयंतीच्या दिवशी, आनंद तेलतुंबडे यांना अटक झाली.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने काही भोके बुजवली. आणीबाणीला एका महिन्यात संसदेच्या विशेष बहुमताची मंजुरी, दर सहा महिन्यांनी पुन्हा मंजुरी, आणि कलम २० व २१ कोणत्याही आणीबाणीत अबाधित. करारांचे भोक मात्र तसेच राहिले. संघसूचीतील नोंद १४ प्रमाणे परराष्ट्र करारांवर कायदा करण्याचा अधिकार संसदेला आहे. करार करण्याच्या पद्धतीवर असा कायदा आजवर झालेला नाही. २०१६, २०१८ आणि २०२० मध्ये अमेरिकेशी तीन महत्त्वाचे लष्करी करार झाले. एकावरही संसदेत मतदान झाले नाही. जून २०२० मध्ये गलवानला वीस जवान शहीद झाले. त्यानंतरच्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास रद्द होता. संरक्षणमंत्र्यांनी निवेदन केले, पण लोकसभेत चर्चेची मागणी मान्य झाली नाही. १९६२ मध्ये १६५ सदस्य बोलले होते!

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. प्रत्येक लष्करी करार ठरावीक मुदतीत संसदेपुढे यावा. गोपनीय भाग असेल तर तो सर्वपक्षीय समितीने पाहावा, पण पाहावाच. युद्धासाठी केलेल्या प्रत्येक कायद्यावर त्याच्या मरणाची तारीख लिहिलेली असावी. आणि १९६२ च्या पराभवाचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने अधिकृतपणे खुला करावा.

सीमेवर कामगार-शेतकऱ्यांची पोरे मरतात आणि वस्तीवर कायद्याचा दंडुका पडतो तो त्यांच्याच आईबापांवर. त्यांच्या वतीने सभागृहात प्रश्न विचारणे हा देशद्रोह नाही. संसद त्यासाठीच आहे. जयभीम!