एक मॅच जिंकली, म्हणजे फॉर्म आला का?



सारखी हरणारी टीम एखादी मॅच जिंकली की चाहत्यांत दोन गट पडतात. एक म्हणतो, "गाडी रुळावर आली!" दुसरा म्हणतो, "नशिबाने जिंकलो रे." महिनाभर मंदी असताना एका रविवारी गल्ला भरला, की आपल्याही मनात हाच वाद चालतो ना?

इंग्लंडची लेस्टर सिटी बघा. २०१४-१५ च्या प्रीमियर लीगमध्ये २९ मॅचनंतर पॉइंट फक्त १९. टीम तळाला, आणि शेवटच्या तीन टीम खालच्या लीगमध्ये जातात. ४ एप्रिल २०१५ ला त्यांनी वेस्ट हॅमला २-१ ने हरवलं. तरीही टीम तळालाच! मग सलग आणखी तीन विजय. पुढे चेल्सीकडून १-३ ने हरले. खरी परीक्षा इथे होती. लगेच पुढच्या मॅचला न्यूकॅसलला ३-० ने हरवलं. शेवटच्या ९ पैकी ७ मॅच जिंकून ४१ पॉइंट, १४ वा नंबर. लीगमधली जागा वाचली. आणि पुढच्या सीझनला थेट चॅम्पियन!

म्हणून एका दिवसाच्या गल्ल्यावर उधारीने माल भरू नका, आणि त्या दिवसाला नशीब म्हणून सोडूनही देऊ नका. दर आठवड्याची विक्री आणि परत आलेली गिऱ्हाइकं वहीत लिहा. एखादा आठवडा वाईट जाईलच. त्याच्या पुढचा आठवडा कसा गेला ते बघा. फॉर्म तिथेच कळतो.