शिवसागराच्या पाण्यावर सहकुटुंब

सुट्टी लागली की आपल्या घरांतून सहलीचा विषय निघतो आणि बहुतेक वेळा तो पैशाच्या हिशेबापाशी येऊन अडतो. मुलांना कुठेतरी न्यायचे असते, म्हाताऱ्या आईलाही सोबत घ्यायचे असते आणि रजा मात्र दोनच दिवसांची शिल्लक असते. अशा वेळी "खासगी बोट ठरवून तलाव फिरून येऊ" असे कोणी म्हटले, तर घरातली माणसे हसतात. बोट ठरवणे हा पैसेवाल्यांचा षोक, असा आपला पक्का समज आहे. सातारा जिल्ह्यातल्या शिवसागर जलाशयापुरता तरी तो समज खरा नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो. मात्र हा तलाव कसा झाला आणि त्यासाठी कोणी काय सोडले, हे घरून निघण्यापूर्वी ठाऊक असावे. मग बोटीतले दोन तास खऱ्या अर्थाने कारणी लागतात.

शिवसागर म्हणजे कोयना धरणामागे साठलेले पाणी. कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीच्या रांगेला धरून दक्षिणेकडे वाहत येते आणि हेळवाकजवळ पूर्वेकडे वळून पुढे कऱ्हाडला कृष्णेला मिळते. वळणापाशीच धरण बांधल्यामुळे मागची सगळी अरुंद दरी पाण्याने भरली. म्हणून हा तलाव गोल नाही. लांबच लांब आहे, आणि दोन्ही अंगांनी डोंगरांच्या घळीत त्याचे फाटे शिरलेले आहेत. एका वळणावरून पुढचे पाणी दिसत नाही. तापोळ्याच्या बाजूला सोळशी आणि कांदाटी या नद्यांची खोरी कोयनेला येऊन मिळतात. तिथला संगम पाहायला बोटी जातात.

तिथे जाण्याच्या वाटा दोन. महाबळेश्वरहून घाट उतरून तापोळा, साधारण पंचवीस-तीस किलोमीटर. किंवा साताऱ्याहून कासच्या पठारावरून बामणोली. कासचे पठार २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेले, त्यामुळे फुलांच्या दिवसांत त्या रस्त्यावर मोटारींची जत्रा असते. आमचे मत विचाराल तर फुले आणि बोट एकाच दिवसात उरकू नये. धड काहीच पाहून होत नाही.

आता पैशाचे. बोटीचा दर माणशी नसतो, पुऱ्या बोटीचा असतो, आणि तो कुठवर जायचे त्यावर ठरतो. जवळचा संगम, पलीकडचे दत्तमंदिर, लांबचा वासोटा, असे दर चढत जातात. नवराबायको दोघेच गेले तर तो दर अंगावर येतो. तोच दहा माणसांत वाटला की झेपतो. तेव्हा एका चाळीतल्या किंवा एका कचेरीतल्या तीन कुटुंबांनी मिळून जावे. बोटी स्थानिक माणसांच्या आहेत आणि बोट क्लबातून त्या ठरवता येतात. पैसे देण्यापूर्वी फेरी किती वेळाची, कुठे कुठे थांबणार आणि उतरायला किती वेळ देणार, एवढे तीन प्रश्न विचारून घ्यावेत. आमच्यासारख्या कारकुनाला पावती मागायची सवय असते. ती इथेही सोडू नये.

आम्ही तीन कुटुंबे, लहानमोठी मिळून अकरा माणसे, फेब्रुवारीत तापोळ्याला गेलो होतो. सकाळचे पाणी अगदी निवांत होते. बोटवाले साठीच्या घरातले गृहस्थ, मुलांनी त्यांना लगेच मामा करून टाकले. आमच्या आईचा मात्र बोटीत पाय ठेवायला जीव होईना. शेवटी मामांनीच तिचा हात धरला, मधल्या फळीवर बसवले आणि जॅकेटचे पट्टे स्वतः आवळून दिले. इंजिन सुरू झाल्यावर पहिली दहा मिनिटे ती डोळे मिटून होती. मग काठाला खंड्या दिसला, पलीकडच्या उतारावर गुरे दिसली आणि ती हळूहळू बोलू लागली.

संगमाच्या अलीकडे एका जागी मामांनी इंजिन बंद केले. इतका वेळ धडधड ऐकलेल्या कानांना ती शांतता एकदम जाणवली. बोट मंद हलत होती. मामांनी पाण्याकडे बोट दाखवले आणि आपल्या वडिलांची शेती इथे खाली आहे म्हणाले.

"मग तुमची विहीर, देवळं, सगळं खालीच राहिलं?" आईने विचारले.

"विहीर कशी उचलून आणणार, आई?" मामा म्हणाले.

आई थोडा वेळ गप्प बसली. मग तिने तिच्या मनातले विचारले, "आणि आमच्या माणसांची घरं कुठल्या अंगाला होती?" मामांनी हात थोडा उजवीकडे नेला. ती घरे नदीच्या बाजूला, सखल जागी होती, म्हणून ती आधी बुडाली, असे त्यांनी थोरांकडून ऐकले होते. ती माणसे पुढे कुठे गेली हे त्यांना नक्की सांगता आले नाही. कोणी मुंबईला गेले असे म्हणतात, एवढेच.

वाचक बंधू-भगिनींनो, इथे जमाखर्च मांडल्याशिवाय आम्हाला पुढे जाववत नाही. जमेची बाजू मोठी आहे. १९६२ साली पोफळीच्या भूमिगत वीजगृहातून वीज निघू लागली आणि १९६४ साली धरण पुरे झाले. बांधाची उंची १०३ मीटर. आज साठवण १०५.२५ टीएमसी धरतात, आणि एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी. पूर्वेकडे जाणारे हे पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेकडे कोकणात खाली सोडतात, त्या उंचीच्या जोरावर जनित्रे फिरतात आणि पाणी पुढे वाशिष्ठी नदीतून समुद्राला मिळते. १९९९ आणि २०१२ साली तलावाच्या तळाशी पाण्याखालीच खडक फोडून बोगदे जोडले गेले. सगळे टप्पे मिळून वीजनिर्मितीची क्षमता १,९५० मेगावॅटच्या वर आहे. महाराष्ट्रातल्या गिरण्या, कारखाने आणि आपल्या घरातले दिवे या पाण्याचे देणे लागतात.

खर्चाची बाजू बोटीतून दिसत नाही, कारण ती पाण्याखाली आहे. शंभराच्या आसपास गावांना या प्रकल्पाची झळ बसली. माणसे सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड, ठाणे अशा जिल्ह्यांत पांगली. सह्याद्रीच्या पावसात भात-नाचणी पिकवणाऱ्या माणसाला सोलापूरकडच्या कोरड्या माळावर नेऊन बसवले, तर त्याचे काय होईल याचा विचार वाचकांनीच करावा. काही कुटुंबे हलली नाहीत. पाणी चढले तशी ती डोंगराच्या वरच्या अंगाला सरकली आणि तिथेच राहिली. पुढे १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे याच भागात मोठा भूकंप झाला आणि कोयनानगर परिसरात सुमारे पावणेदोनशे माणसे दगावली. १९८५ साली पश्चिमेकडचे जंगल अभयारण्य झाले आणि २०१० साली ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेले. जंगल राखले पाहिजे याबद्दल आमच्या मनात शंका नाही. परंतु एकदा पाण्याने आणि पुन्हा जंगलाच्या नियमाने, अशी दोनदा सरकण्याची पाळी ज्यांच्यावर आली त्यांची बाजूही ऐकली पाहिजे.

राज्यात धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ साली झाला. म्हणजे कोयनेचे धरण पुरे होऊन बारा वर्षे लोटल्यावर. पर्यायी जमिनीच्या मागणीसाठी २०१८ सालीही कोयनानगरला धरणग्रस्तांनी ठिय्या दिला होता. धरणात पहिले पाणी अडले तेव्हा रांगणारी मुले त्या ठिय्यात म्हातारी होऊन बसली असतील. आणि मोबदल्याचा हिशेब खात्यावरून होतो. ज्याचे नाव उताऱ्यावर त्याची बुडीत जमीन कागदावर निदान मोजली तरी जाते. जो दुसऱ्याच्या बांधावर राबत होता, त्याचे बुडाले ते रोजचे काम. ते कोणत्या रकान्यात लिहिणार? आईने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मामांकडे नव्हते, त्याचे एक कारण हेही आहे.

या खोऱ्यातले किती तरी पुरुष मुंबईला गेले. गिरणीत लागले, गोदीत आणि बाजारात ओझी वाहू लागले, पुढे नवी मुंबईच्या बाजार समितीत माथाडी झाले. ज्या शहराला त्यांच्या दरीतली वीज जात होती, त्याच शहरात त्यांच्या पाठीवर पोती चढत होती. इकडे त्यांच्या वाड्यांवर मात्र दिवा फार उशिरा लागला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आमची बोट परत फिरली तेव्हा समोरून लाँच आली. तीत डोक्यावर टोपली घेतलेल्या बाया, शाळेची दप्तरे आणि तांदळाचे पोते होते. पलीकडच्या काठावरच्या गावांना बाजार, बँक, दवाखाना यासाठी पाणी ओलांडूनच यावे लागते. मोटारी आणि जीपगाड्या तराफ्यावर चढवून नेतात. आपण मौज म्हणून जो प्रवास करतो तो त्यांचा रोजचा रस्ता आहे. पावसाळ्यात वारा उठला, धुके उतरले आणि घरात बाळंतीण अडली, की या सुंदर तलावाची भीती वाटू लागते. म्हणून धक्क्यावर आपल्या घोळक्याने लाँचची जागा अडवू नये. आधी त्यांना उतरू द्यावे.

आता सुरक्षिततेचे. यात आम्ही भीड ठेवणार नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली आणि बारा विद्यार्थी व दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त मुले बसवली होती आणि सगळ्यांच्या अंगात जॅकेट नव्हते. त्याच वर्षी २१ मे रोजी संध्याकाळी उजनीच्या पाण्यात कुगाव ते कळाशी या वाटेवरची बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसे बुडाली. पहिल्या घटनेत दोष माणसांच्या मोजणीचा आणि जॅकेटचा होता. दुसऱ्यात वाऱ्याने दगा दिला. शिवसागरात जाताना या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बोट किती माणसांची हे विचारावे आणि मांडीवरचे मूलही मोजावे. जॅकेट प्रत्येकाने घालावे, मांडीवर ठेवू नये, आणि पट्टे घट्ट असावेत. लहान मुलाला मोठ्याचे जॅकेट घातले तर पाण्यात ते वर सरकून निघते, म्हणून लहान मापाचे मागून घ्यावे. नसेल तर त्या बोटीत बसू नये. फोटोसाठी सगळी माणसे एका अंगाला उभी राहिली की बोट कलते. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचा वारा सुटतो, तेव्हा फेरी सकाळीच उरकावी. बोटवाला "आता नको" म्हणाला तर हुज्जत घालू नये. पाणी त्याला आपल्यापेक्षा जास्त कळते. आणि दारू प्यालेला सोबती असेल तर त्याला काठावरच बसवून ठेवावे, मग तो आपला साहेब का असेना.

दराची घासाघीस हा आपल्याकडचा आवडता खेळ आहे. तीनशे रुपये वाचवले म्हणून वर्षभर सांगणारे महाभाग आमच्याही कचेरीत आहेत. मॉलमध्ये छापील किमतीला मुकाट पैसे मोजायचे आणि आपल्यासारख्याच घामाच्या माणसाशी भांडायचे, हे आम्हाला पटत नाही. डिझेल, इंजिनाची दुरुस्ती आणि पावसाळ्यातले रिकामे महिने, हे सगळे त्याच दरातून निघायचे असते.

तरुण मंडळींना वासोट्याला जायचे असेल तर बामणोलीहून जावे. वनखात्याची परवानगी काढावी लागते, बोटीने साधारण दीड तासात मेट इंदवलीला पोचता येते आणि पुढे दाट रानातून किल्ल्याची चढण आहे. प्लॅस्टिकच्या वस्तू मोजून घेतात आणि परतताना पुन्हा पाहतात. संध्याकाळच्या आत बोट परत आली पाहिजे, म्हणून पहाटेच तयारीत असावे. पावसाळ्यात ही वाट बंद असते. लहान मुले आणि गुडघे दुखणारी माणसे यांनी हा मार्ग धरू नये. त्यांना संगमाची फेरी पुरेशी आहे.

गेल्या काही वर्षांत या पाण्यावर पूल बांधण्याची कामे हाती घेतली आहेत. मामांना त्याबद्दल विचारले तर ते म्हणाले, पूल होऊ द्या, आजारी माणूस रात्री तरी नेता येईल. बोटीला गिऱ्हाईक राहील का, यावर मात्र त्यांनी नुसता हात हलवला.

जाण्यासाठी चांगले दिवस म्हणजे पावसाळा सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे. तेव्हा तलाव भरलेला असतो आणि धक्क्यावरून सरळ बोटीत पाय टाकता येतो. मे महिन्यात पाणी खाली जाते, चिखल तुडवत उतरावे लागते, पण जुन्या बांधांच्या आणि घरांच्या खुणा उघड्या पडतात त्या याच दिवसांत. साताऱ्याहून बामणोलीला आणि महाबळेश्वरहून तापोळ्याला एसटी जाते, गाड्या मोजक्याच आहेत. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ सकाळी उतरल्या उतरल्याच वाहकाला विचारून कागदावर लिहून घ्यावी. जेवण गावात सांगितल्यास मिळते. भाकरी आणि माशाचे कालवण हवे असेल तर बोटीत बसण्यापूर्वीच सांगून ठेवावे, म्हणजे परत येईपर्यंत तयार असते.