प्रयोगासाठी रोप निवडताना



दिवाळीच्या सुट्टीआधी गुरुजींनी ‘वनस्पतीची वाढ’ हा प्रयोग दिला. आपण निफाड तालुक्यातले, म्हणून मी ऐटीत कांदा निवडला. घरच्या डब्यातल्या उळ्याच्या २० बिया कुंडीत टाकल्या. बारा दिवसांत उगवल्या फक्त ३! माझ्या बाकाशेजारच्या मुलीचे मूग चौथ्या दिवशीच वर आले होते. माझी वही कोरीच राहिली. त्यावरून जे शिकलो ते सांगतो.

१) दिवस किती आहेत ते पाहा. मूग, मटकी, मेथी तीन-चार दिवसांत उगवतात. गहू, हरभरा, मका यांना साधारण आठवडा लागतो. कांद्याला सात ते दहा दिवस, कोथिंबिरीला त्याहूनही जास्त. द्राक्षे नाशिकची शान खरी, पण द्राक्षवेल काडीपासून आणि कलम करून लावतात. दोन-तीन आठवड्यांच्या प्रयोगात ती कशी बसणार?

२) ऋतू पाहा. मुगाला ऊब लागते. निफाडला कडाक्याची थंडी पडते तेव्हा तो रुसतो. थंडीत गहू किंवा हरभरा घ्यावा. गव्हाच्या ‘त्र्यंबक’ आणि ‘तपोवन’ या जाती आपल्याच निफाडच्या संशोधन केंद्रातल्या आहेत.

३) जोडी लावा. एक एकदल आणि एक द्विदल घेतले तर फरक छान दिसतो. गव्हाचे पहिले पान सुईसारखे सरळ वर येते. मूग मान वाकवून येतो आणि आपली दोन्ही दले डोक्यावर घेऊन उभा राहतो. हरभऱ्याची दले मात्र मातीतच राहतात.

४) एकाच रोपावर विसंबू नका. एक रोप किडीने खाल्ले की प्रयोग संपला. प्रत्येक डब्यात निदान पाच ठेवा. डबे सारखे, माती सारखी, पाणीही मापून सारखेच. ज्याची परीक्षा घ्यायची तेवढीच गोष्ट बदला.

५) नुसती उंची मोजू नका. अंधारातला मूग उजेडातल्यापेक्षा उंच होतो, पण पिवळा आणि लेचापेचा. म्हणून पानेही मोजा, रंगही लिहा.

६) बी ताजे आहे का ते आधी विचारा. इथेच मी फसलो. कांद्याचे बी साधारण वर्षभरच चांगले टिकते. माझी कुंडी पाहून वडील म्हणाले, “अरे, हा डबा तर मागच्या सालचा! हेच उळं मी टाकणार होतो की!” मग आजीने १०० बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळल्या. रोज पाणी शिंपडले. दहा दिवसांनी मोड आलेल्या मोजल्या, तर १७ भरल्या. ते बी बाजूला ठेवले आणि वडिलांनी नवे आणून वाफ्यात टाकले. तेच जुने टाकले असते तर रोप कमी पडले असते, आणि ते कळेपर्यंत लागणीची वेळ निघून गेली असती.

माझा प्रयोग फसला, पण घरचा कांदा वाचला. पालकहो, पेरणीआधी आपल्या घरच्या १०० बिया आम्हां मुलांकडे द्या. आम्ही मोजून सांगू.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी