विश्लेषण : टेनिसमध्ये चेंडू सरळ वर उडवणे इतके अवघड का? हातावर बांधायचे साधन कितपत उपयोगी?

टेनिसमधील प्रत्येक फटका प्रतिस्पर्ध्याकडून आलेल्या चेंडूला दिलेले उत्तर असते. अपवाद फक्त सर्व्हिसचा. तिथे खेळाडू स्वतःच्या हाताने चेंडू वर उडवतो आणि स्वतःच तो मारतो. तरीही क्लबमधील नवख्या मुलापासून जागतिक क्रमवारीत अव्वल राहिलेल्या खेळाडूपर्यंत अनेकांची सर्व्हिस या साध्या दिसणाऱ्या कृतीवर, म्हणजे टॉसवर, अडते. टॉस सुधारण्यासाठी कोपर किंवा मनगटाला बांधायची सराव-साधने बाजारात मिळतात. ती नेमके काय करतात, कौशल्य शिकण्याचे विज्ञान त्यांच्याविषयी काय सांगते आणि पालकांनी ती घ्यावीत का, याचा आढावा.

टॉसला इतके महत्त्व का?

सर्व्हिस करणाऱ्या खेळाडूचे पाय, कंबर, खांदा आणि रॅकेट धरलेला हात हे सगळे एका ठरलेल्या क्रमाने हलतात. ही साखळी सुरू होते तेव्हा चेंडू हातातून सुटलेला असतो. तो अपेक्षित जागी गेला नाही, तर उरलेल्या अर्ध्या-पाऊण सेकंदात शरीराला त्याच्या मागे धावावे लागते. चेंडू फार पुढे पडला तर फटका जाळ्यात जातो. डोक्यामागे गेला तर रॅकेट चेंडूच्या वर येऊ शकत नाही आणि सर्व्हिस लांब जाते. बाजूला गेला तर खांदा वाकडा करून तो गाठावा लागतो.

नुकसान गुणांपुरतेच राहत नाही. चेंडू सतत डोक्यामागे जात असेल, तर तो गाठण्यासाठी पाठीची कमान वाढवावी लागते. वाढत्या वयातील खेळाडूंच्या कमरेच्या मणक्यावर सर्व्हिसचा ताण आधीच मोठा असतो. त्यात रोजच्या सरावातील शेकडो चुकीच्या टॉसची भर पडली, तर दुखापतीचा धोका वाढतो. त्यामुळे लहान मुलांचा टॉस वेळीच दुरुस्त करणे हा तब्येतीचाही प्रश्न आहे.

लहान चुकीचा परिणाम किती मोठा?

साध्या गणिताने हे समजते. समजा, चेंडू जमिनीपासून १.६ मीटरवर हातातून सुटला, तीन मीटरपर्यंत वर गेला आणि खाली येताना २.७ मीटरवर रॅकेटने त्याला गाठले. हवेतील हा प्रवास साधारण पाऊण सेकंदाचा होतो. सुटतानाची दिशा ठरवलेल्या रेषेपासून केवळ एक अंशाने चुकली, तर फटक्याच्या क्षणी चेंडू सुमारे सात सेंटिमीटर भलतीकडे असतो. टेनिसच्या चेंडूचा व्यासच साडेसहा ते सात सेंटिमीटरच्या दरम्यान असतो. म्हणजे एका अंशाच्या चुकीला एका चेंडूएवढे अंतर. पाच अंशांची चूक झाली तर हे अंतर ३५ सेंटिमीटरच्या घरात जाते आणि तो चेंडू नीट मारणे जवळजवळ अशक्य होते.

उंचीचाही हिशेब आहे. चेंडू फटक्याच्या जागेपेक्षा ३० सेंटिमीटर वर जाऊन खाली आला, तर रॅकेटसमोरचा दहा सेंटिमीटरचा पट्टा पार करायला त्याला सेकंदाचे सुमारे चार शतांश लागतात. तोच चेंडू एक मीटर वर उडवला, तर हा वेळ जवळपास निम्मा होतो. शिवाय प्रवास लांबल्याने एका अंशाची चूक सात ऐवजी बारा सेंटिमीटरची होते आणि वाऱ्यालाही जास्त संधी मिळते. स्टेफी ग्राफ आणि इव्हान लेंडल यांचे टॉस बरेच उंच असत, गोरान इव्हानिसेविचचा बराच कमी. तिघांनीही ग्रँडस्लॅम जिंकल्या. त्यामुळे सर्वांसाठी एकच उंची योग्य असे म्हणता येत नाही, पण उंच टॉसला वेळेची शिस्त अधिक लागते.

हात नेमका कुठे चुकतो?

उजव्या हाताने खेळणाऱ्याचा टॉस डाव्या हाताने होतो, म्हणजे ज्या हाताने तो एरवी फारशी नाजूक कामे करत नाही त्या हाताने. हात खांद्यातून सरळ वर जावा, चेंडू बोटांच्या टोकांवर असावा, डोळ्यांच्या पातळीच्या आसपास बोटे उघडावीत आणि चेंडू सुटल्यावरही हात वर जात राहावा, अशी सर्वसाधारण शिकवण आहे. चुका मुख्यतः चार. कोपर वाकते, त्यामुळे हात वर्तुळात फिरतो आणि चेंडू डोक्यामागे जातो. मनगट झटका देते, त्यामुळे चेंडू गिरक्या घेत वर जातो. चेंडू तळहातात घट्ट धरल्याने उशिरा सुटतो. आणि चौथी म्हणजे घाई, हात वर ‘उचलण्या’ऐवजी चेंडू ‘फेकला’ जातो.

या चारही चुकांचे मूळ सारखे आहे. खांदा, कोपर, मनगट आणि बोटे एकाच वेळी हलली, की प्रत्येक सांध्याची थोडी थोडी चूक एकत्र होते. हलणारे सांधे कमी केले, तर चुकायच्या जागाही कमी होतात. हातावर बांधायच्या साधनांमागे हाच विचार आहे.

ही साधने काय करतात?

त्यांचे ढोबळ दोन प्रकार. पहिल्या प्रकारात कोपरावर किंवा मनगटावर चढवायची कडक पट्टी असते. हाडाला मार लागल्यावर देतात त्या आधारासारखी, पण हलकी. ती घातल्यावर कोपर वाकत नाही किंवा मनगट झटका देऊ शकत नाही, आणि हात खांद्यातूनच उचलावा लागतो. ज्याने आयुष्यात कधी सरळ हाताने टॉस केलेला नाही, त्याला ती हालचाल कशी ‘वाटते’ हे पहिल्या दहा मिनिटांत कळते. प्रशिक्षकाने पन्नासदा ‘कोपर सरळ’ असे ओरडूनही जे पोहोचत नाही, ते अशा पट्टीने पोहोचू शकते.

दुसरा प्रकार संवेदकांचा. मनगटावरील छोट्या उपकरणातील संवेदक हाताचा वेग आणि फिरणे मोजतात आणि ते मोबाइलवर दाखवतात किंवा ठरवलेली मर्यादा ओलांडली की कंप देऊन इशारा करतात.

दोन्ही प्रकारांची एक मर्यादा मात्र सारखीच. त्यांना हात कळतो, चेंडू कळत नाही. चेंडूची दिशा ठरते ती बोटे उघडण्याच्या क्षणी. कोपर अगदी सरळ ठेवूनही चेंडू उशिरा सोडला, तर तो मागेच जाणार. पट्टीला ती चूक रोखता येत नाही आणि मनगटावरच्या संवेदकाला ती थेट दिसत नाही.

साधन काढल्यावर काय होते?

खरा प्रश्न इथे आहे. कौशल्य शिकण्याच्या अभ्यासात रिचर्ड श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये एक महत्त्वाची मांडणी केली. शिकणाऱ्याला प्रत्येक प्रयत्नानंतर बाहेरून मार्गदर्शन मिळत राहिले, तर सराव करताना कामगिरी चांगली दिसते. पण मार्गदर्शन थांबले की ती घसरते, कारण शिकणारा स्वतःच्या शरीराकडून येणारी माहिती वापरायला शिकलेलाच नसतो. कोपराला बांधलेली पट्टी हे तर सततचे मार्गदर्शन आहे. कोपर सरळ ठेवण्याचे काम पट्टी करते, स्नायू नव्हे. त्यामुळे पट्टी घालून केलेले शंभर सुंदर टॉस म्हणजे शंभर टॉसचे शिक्षण, असे गृहीत धरता येत नाही.

दुसरा मुद्दा रशियन शरीरशास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांच्या कामातून येतो. १९२० च्या दशकात त्यांनी हातोडा चालवणाऱ्या अनुभवी कामगारांच्या हालचाली टिपल्या. हातोडा प्रत्येक वेळी नेमका जागेवर पडत होता, पण खांदा, कोपर आणि मनगट यांच्या हालचाली दर वेळी थोड्या वेगळ्या होत्या. एका सांध्यात पडलेला फरक दुसरा सांधा भरून काढत होता. नवखा माणूस सांधे आखडून घेतो, तर जाणकार ते मोकळे सोडून परस्परांशी जुळवतो, असे त्यांचे निरीक्षण होते. टॉसला ते लागू केले, तर आखडलेला सरळ हात ही शिकण्याची पहिली पायरी ठरते, शेवटची नव्हे.

तिसरा मुद्दा खुद्द टेनिसमधला. ऑस्ट्रेलियातील माचर रीड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उत्तम कनिष्ठ खेळाडूंना संपूर्ण सर्व्हिस आणि तिचे सुटे भाग वेगवेगळे करायला सांगितले. नुसता टॉस केला तेव्हा तो संपूर्ण सर्व्हिसमधील टॉससारखा राहिला नाही. म्हणजे रॅकेट खाली ठेवून केलेला टॉसचा सराव नवख्याला हात बसवायला उपयोगी असला, तरी तेवढ्याने सर्व्हिस सुधारेल याची खात्री नाही.

अव्वल खेळाडूंचाही टॉस का बिघडतो?

२००८ मध्ये फ्रेंच खुली स्पर्धा जिंकून जागतिक अव्वल स्थानी पोहोचलेल्या सर्बियाच्या अ‍ॅना इव्हानोविचला नंतरच्या वर्षांत टॉसने फार छळले. चेंडू उडवायचा, तो मनासारखा नाही म्हणून झेलायचा आणि पुन्हा उडवायचा, हे दृश्य तिच्या सामन्यांत नेहमीचे झाले होते. अरिना सबालेन्काची सर्व्हिस २०२२ मध्ये पार कोलमडली होती. दुहेरी चुकांच्या माळा लागत. तिने शरीराच्या हालचालींचे तज्ज्ञ गेव्हिन मॅकमिलन यांच्याबरोबर सर्व्हिस मुळापासून तपासली आणि जानेवारी २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियन खुली स्पर्धा जिंकली. २०२५ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या तोंडावर कोको गॉफनेही त्यांचीच मदत घेतली.

या खेळाडूंना टॉस येत नव्हता असे नाही. दडपणाखाली माणूस आपोआप होणाऱ्या हालचालीवर जाणीवपूर्वक नजर ठेवू लागतो आणि ती विस्कटते. गॅब्रिएले वुल्फ यांनी १९९८ पासून केलेल्या प्रयोगांतून असे दिसले आहे, की स्वतःच्या अवयवांकडे लक्ष देण्यापेक्षा हालचालीच्या परिणामाकडे लक्ष दिले तर कौशल्य चांगले बसते. ‘कोपर वाकवू नको’ यापेक्षा ‘चेंडू त्या खांबाच्या टोकापर्यंत ने’ ही सूचना म्हणूनच अधिक कामाची. हातावरची पट्टी मात्र लक्ष नेमके कोपराकडे ओढते. ज्याचा टॉस भीतीने बिघडला आहे, त्याला ती फारशी मदत करणार नाही.

साधन वापरायचेच असेल, तर कसे?

वर दिलेल्या अभ्यासांचा सूर पाहता तीन गोष्टी पाळाव्यात. एक, पट्टी थोडा वेळच घालावी. दहा टॉस पट्टीसह केले, तर पुढचे दहा तिच्याविना करावेत आणि दोन्हींतला फरक खेळाडूला स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावा. दोन, काही दिवसांत पट्टीविना टॉसचे प्रमाण वाढवत न्यावे. तीन, टॉस बसू लागताच रॅकेट हातात घेऊन संपूर्ण सर्व्हिसवर यावे. प्रगती मोजायची ती पट्टी नसताना. पायापुढे, बेसलाइनच्या थोडे आत रॅकेट आडवी ठेवावी, टॉस करून चेंडू खाली पडू द्यावा आणि वीसपैकी किती चेंडू रॅकेटच्या तोंडावर पडतात ते दर आठवड्याला लिहून ठेवावे.

लक्ष्य मात्र सर्व्हिसनुसार बदलते. उजव्या हाताच्या खेळाडूने डोक्यावर घड्याळ आहे असे मानले, तर सपाट सर्व्हिससाठी चेंडू साधारण बारा ते एकच्या दरम्यान, स्लाइससाठी त्याच्या थोडा उजवीकडे आणि उसळत्या किक सर्व्हिससाठी थोडा डावीकडे लागतो. थोर सर्व्हरचे कौशल्य असे, की हा फरक समोरच्याला कळत नाही. पीट सॅम्प्रासला लहानपणी प्रशिक्षक चेंडू हवेत गेल्यावर कुठली सर्व्हिस करायची ते सांगत, अशी आठवण प्रसिद्ध आहे. त्यातून एकाच टॉसवरून सगळ्या सर्व्हिस करण्याची सवय त्याला लागली.

नियम काय सांगतात?

टॉस मनासारखा झाला नाही, तर चेंडू न मारता झेलण्याची किंवा खाली पडू देण्याची मुभा आहे, ती चूक धरली जात नाही. रॅकेट फिरवून चेंडू हुकला, तर मात्र चूक. मोठ्या स्पर्धांत दोन गुणांमधील २५ सेकंदांचे घड्याळ असल्याने वारंवार झेलत बसता येत नाही. एकच हात वापरू शकणाऱ्या खेळाडूला रॅकेटने चेंडू वर उडवता येतो. खेळाडूची माहिती टिपणाऱ्या तंत्रज्ञानाला आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१४ पासून नियमांत जागा दिली आहे, पण त्यासाठी उपकरणाला मान्यता लागते.

मग पालकांनी खर्च करावा का?

मुलाचे कोपर किंवा मनगट वाकते हे स्पष्ट दिसत असेल आणि सांगून फरक पडत नसेल, तर साधी पट्टी काही आठवड्यांपुरती उपयोगी ठरू शकते. चूक चेंडू सोडण्याच्या वेळेत, घाईत किंवा मनावरच्या दडपणात असेल, तर तिचा उपयोग नाही. म्हणून आधी निदान हवे आणि ते जवळजवळ फुकट होते. मोबाइलवर संथगती चित्रण करून एकदा बाजूने आणि एकदा मागून दहा सर्व्हिस टिपल्या, की चेंडू कुठे सुटतो आणि कोपर केव्हा वाकते ते दिसते. कुंपणाच्या उभ्या खांबाला समांतर टॉस करणे, पाण्याने भरलेला पेला न सांडता वर नेल्याची कल्पना करणे, चेंडू तळहाताऐवजी बोटांच्या टोकांवर धरणे, हे उपाय प्रशिक्षक पूर्वापार वापरत आले आहेत आणि त्यांना पैसे लागत नाहीत. ते महिनाभर करून पाहावेत, रॅकेटवर पडणाऱ्या चेंडूंची संख्या वाढत नसेल तर प्रशिक्षकाशी बोलून मगच साधनाचा विचार करावा. आणि पाठ किंवा खांदा दुखत असल्याची मुलाची तक्रार असेल, तर साधन घेण्याआधी डॉक्टरांना दाखवावे.