पिल्लांच्या खाद्यात सोयाबीन : आधी उष्णता, मग चारणी

मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या खरिपात सोयाबीनने आज मोठी जागा घेतली आहे. परंतु या पिकाचा भाव त्याच्या हाती नसतो. सन २०२४-२५ च्या हंगामात केंद्र शासनाने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये ठरविला होता. तरीही अनेक बाजारांत माल त्याहून कमी भावाने विकला गेला. याउलट सन २०२१ मध्ये सोयापेंड इतकी महागली की, कुक्कुटपालकांच्या मागणीवरून शासनाला १२ लाख टन पेंडीच्या आयातीस परवानगी द्यावी लागली. धान्य स्वस्त विकावे आणि त्याच धान्याची पेंड महाग विकत घ्यावी, हा व्यवहार कोणालाही रुचणार नाही. तेव्हा घरचेच सोयाबीन दळून कोंबडीच्या पिल्लांना घालावे, असा विचार शेतकऱ्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

पैठण, गंगापूर, फुलंब्री, कन्नड या तालुक्यांतून जिल्हा परिषदेच्या कामासाठी छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात येणाऱ्या शेतकऱ्यांपैकी अनेकांच्या घरी पाचपन्नास कोंबड्या असतात. गावठी अंड्याला व कोंबडीला शहरात गिऱ्हाईक चांगले मिळते, म्हणून आता शेपाचशे पिल्लांचा जोडधंदाही काहीजण करू लागले आहेत. अशा कुटुंबांच्या दृष्टीने खाद्याचा खर्च हाच धंद्याचा कणा होय. घरचे सोयाबीन वापरण्याचा विचार मुळात चुकीचा नाही. पण कच्चे सोयाबीन आणि योग्य रीतीने शिजविलेले सोयाबीन ही पिल्लाच्या पोटाच्या दृष्टीने दोन निरनिराळी खाद्ये आहेत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

सोयाबीनमधील गुण व दोष

सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ३८ ते ४० टक्के प्रथिने व १८ ते २० टक्के तेल असते. या तेलात जवळजवळ निम्मा भाग लिनोलिक आम्लाचा असून ते पिल्लाच्या वाढीस आवश्यक आहे. एवढे सकस धान्य दुसरे क्वचितच सापडेल. परंतु त्याच दाण्यात काही विरोधी द्रव्येही असतात. त्यांतील मुख्य म्हणजे ट्रिप्सिन-रोधक. ट्रिप्सिन हा स्वादुपिंडातून पाझरणारा, प्रथिने पचविणारा पाचक रस होय. कच्च्या दाण्यातील रोधक द्रव्य त्याला घट्ट बिलगून निकामी करते. याशिवाय लेक्टिन नावाचे द्रव्य आतड्याच्या अस्तराला त्रास देते.

हे दोष उष्णतेने नाहीसे होतात. अमेरिकेतील ऑस्बोर्न व मेंडेल या शास्त्रज्ञांनी सन १९१७ मध्येच दाखवून दिले की, कच्च्या सोयाबीनवर न वाढणारे उंदीर शिजविलेल्या सोयाबीनवर चांगले वाढतात. पुढे कोंबडीच्या पिल्लांवर प्रयोग झाले. कच्चे सोयाबीन खाणाऱ्या पिल्लांचे स्वादुपिंड मोठे होते, हे सन १९४८ मध्ये दिसून आले. नेशाइम व त्यांच्या सहकाऱ्यांनी सन १९६२ मध्ये आणखी एक महत्त्वाची गोष्ट पुढे आणली. कच्च्या सोयाबीनने लहान पिल्लांचे केवळ प्रथिनांचेच नव्हे, तर स्निग्ध पदार्थांचेही शोषण घटते.

चरबीचे पचन का बिघडते?

अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाच्या पोटात बलकाचा काही अंश शिल्लक असतो व पहिले काही दिवस त्याचा आधार मिळतो. त्यानंतर पिल्लाला खाद्यातील स्निग्ध अंश स्वतः पचवावा लागतो. पाण्यात तेल मिसळत नाही हे सर्वांना ठाऊक आहे. आतड्यात हे काम पित्त करते. पित्तामुळे तेलाचे बारीक थेंब होतात, त्यावर स्वादुपिंडातील लायपेज हा पाचक रस काम करतो आणि मग ते रक्तात शोषले जाते. लहान पिल्लात पित्त व लायपेज दोन्ही बेताचेच तयार होतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ही शक्ती हळूहळू वाढते.

नेमक्या याच नाजूक काळात कच्चे सोयाबीन पोटात गेले, तर काय घडते? ट्रिप्सिन निकामी होताच शरीर स्वादुपिंडाला अधिक रस सोडावयास भाग पाडते. स्वादुपिंड फुगते. वाढीसाठी लागणारी गंधकयुक्त अमिनो आम्ले या रसात खर्ची पडून विष्ठेवाटे जातात. पित्तही अधिक प्रमाणात आतड्यात उतरते आणि पुन्हा शोषले जाण्याऐवजी त्याचा बराच भाग बाहेर टाकला जातो. पित्त कमी पडले की तेल न पचता विष्ठेत उतरते. म्हणजे ज्या तेलासाठी सोयाबीन घातले, तेच वाया जाते. अ, ड, ई व के ही जीवनसत्त्वे स्निग्ध पदार्थांबरोबर शोषली जात असल्याने त्यांचीही तूट संभवते.

अशी पिल्ले खाद्य खातात, पण वजन धरत नाहीत. विष्ठा चिकट होते, तूस ओले राहते, पिसे विरळ दिसतात आणि एकाच वयाच्या पिल्लांत लहानमोठेपणा येतो. पुष्कळदा याला रोग समजून औषधावर पैसा खर्च केला जातो. अशी लक्षणे इतर कारणांनीही होतात. म्हणून पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावाच, परंतु खाद्यात काय घातले आहे ते त्याला अवश्य सांगावे. वय वाढेल तसा कच्च्या सोयाबीनचा चरबीच्या पचनावरील परिणाम कमी होत जातो. म्हणूनच मोठ्या कोंबडीला काही झाले नाही, यावरून पिल्लालाही चालेल असा निष्कर्ष काढू नये.

उष्णता किती व कशी?

तेलाच्या मोठ्या कारखान्यात सोयाबीनमधील तेल काढल्यावर उरलेल्या पेंडीला वाफेची उष्णता देतात. त्यामुळे चांगल्या कारखान्याची पेंड पिल्लांना निर्धोक असते. घाण्यावर किंवा लहान यंत्रावर कमी उष्णतेत निघालेल्या पेंडीबद्दल मात्र असा भरवसा धरता येत नाही.

घरी करावयाची सोपी रीत अशी : दाणे निवडून धुवावेत व रात्रभर भिजत घालावेत. सकाळी ते पाणी टाकून द्यावे, नवे पाणी घालावे आणि उकळी आल्यापासून अर्धा तास शिजवावे. पाणी निथळून दाणे पातळ पसरून कडक वाळवावेत, मग दळावेत. वाळवणीत हयगय झाल्यास बुरशी धरते व ती पिल्लांना घातक असते. दळलेल्या पिठातील तेल खवट होते. म्हणून आठदहा दिवसांपुरतेच पीठ करावे.

कोरडे भाजावयाचे झाल्यास वाळूत सतत हलवून सारखे भाजावे. कढईत भाजताना वरचा दाणा कच्चा व खालचा करपलेला, असे होण्याचा संभव असतो. करपलेला दाणाही उपयोगाचा नाही, कारण अति उष्णतेने लायसिन हे महत्त्वाचे अमिनो आम्ल नष्ट होते. दाणा फिका तांबूस व्हावा, काळपट होऊ नये.

घरगुती परीक्षा

कच्च्या सोयाबीनमध्ये युरिएज नावाचे द्रव्य असते व त्याने युरियापासून अमोनिया निघतो. ट्रिप्सिन-रोधक ज्या उष्णतेने जातो, साधारण त्याच उष्णतेने युरिएजही जाते. म्हणून ही परीक्षा घ्यावी : झाकणाच्या बाटलीत एक चमचा सोयापीठ, पाव चमचा कुटलेला युरिया व चार चमचे कोमट पाणी घालून हलवावे. दुसऱ्या बाटलीत कच्च्या दाण्याचे पीठ घेऊन तसेच करावे. अर्ध्या तासाने दोन्ही उघडावे. कच्च्याच्या बाटलीत अमोनियाचा उग्र वास येईल. शिजविलेल्या पिठातही तसाच वास आला, तर ते पुन्हा शिजविले पाहिजे. परीक्षेचे मिश्रण जमिनीत पुरावे. ते कोणत्याही जनावराच्या तोंडी लागू देऊ नये. दाणे करपले आहेत की नाही हे मात्र या परीक्षेने कळत नाही, ते रंगावरून ओळखावे.

खाद्यात प्रमाण

पहिले दोन आठवडे पिल्लांना खात्रीच्या सोयापेंडीचे खाद्यच देणे हिताचे. त्यानंतर शंभर किलो खाद्यातील दहा किलो सोयापेंडीच्या जागी शिजवून वाळविलेले सोयाबीन सुमारे बारा किलो घालावे. पेंडीत ४६ टक्के प्रथिने धरल्यास दोहोंतून साडेचार किलोच्या आसपास प्रथिने मिळतात. शिवाय बारा किलो दाण्यांतून दोन किलोंहून अधिक तेल खाद्यात येते. क्षार व जीवनसत्त्वांचे मिश्रण नेहमीप्रमाणे घालावेच. बदल एकदम न करता चारपाच दिवसांत करावा.

इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने एनआरसी १२७ हे वाण काढले आहे. त्यात कुनिट्झ नावाचा मुख्य ट्रिप्सिन-रोधक नाही. तथापि इतर विरोधी द्रव्ये त्यात असतातच. तेव्हा वाण कोणतेही असो, उष्णता चुकत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही परीक्षा एकदा शेतकऱ्यांसमोर करून दाखवावी आणि दहा-दहा पिल्लांचे दर आठवड्याचे वजन नोंदविण्यास सांगावे. दोन बाटल्यांचा वास व वजनाची वही यांवरून शेतकऱ्याची स्वतःचीच खात्री पटेल. अर्ध्या तासाच्या जळणाचा खर्च थोडा आहे. तो वाचविण्याच्या नादात घरचे सोयाबीन व विकत आणलेली पिल्ले, दोन्ही हातची घालवू नयेत.