कमावलेलं कातडं

पैसा कमावतात, तालमीत शरीर कमावतात, तसंच मराठीत कातडंही कमावतात. हे क्रियापद किती नेमकं आहे, ते कोल्हापुरी चपलेचा तळ हातात घेतला की कळतं.

म्हशीचं ओलं कातडं नुसतं ठेवलं तर काही दिवसांत सडतं. तेच चुन्यात मुरवून त्यावरचे केस काढायचे, त्याची पिशवी शिवायची, तिच्यात बाभळीची साल, हिरडा आणि पाणी भरून ती टांगून ठेवायची. आतलं तांबूस पाणी कातड्यातून थेंबथेंब पाझरत राहतं आणि सडणं थांबतं! हिरडा चघळल्यावर जीभ कशी आखडते, आठवतं? त्यातलं तुरट टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना पकडतं म्हणून. कातड्यातही ते तसंच कोलॅजेनच्या तंतूंना घट्ट धरतं, आणि मग ते प्रथिन जिवाणूंना सहजी पचत नाही. कच्चं कातडं साठ-पासष्ट अंशांच्या पाण्यात आक्रसतं, असं कमावलेलं पंच्याहत्तरच्या पुढेही तग धरतं. बांधावरच्या बाभळीत एवढी ताकद! ती ओळखणाऱ्या ढोर आणि चर्मकार कारागिरांना गावाने मात्र पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवलं, हे विसरता येत नाही. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत.

कमावलेल्या कातड्याचा चिवटपणा तंतूंच्या विणीत असतो. केसांच्या बाजूचा वरचा थर सगळ्यांत दाट, पाठीकडचं कातडं घट्ट, पोटाकडचं सैल. चुरा गोंदाने चिकटवून केलेल्या पट्ट्यात ही वीण उरतच नाही, म्हणून त्याचे लवकरच पोपडे निघतात. त्यावरही ‘लेदर’ असा शिक्का असू शकतो, तेव्हा शिक्क्यावर जाऊ नका.

वस्तूची कड बघा. अस्सल कातड्याच्या कापलेल्या कडेला तंतू दिसतात, रेक्झिनच्या कडेला खालचं कापड. मग वाकवून बघा, बारीक वेड्यावाकड्या सुरकुत्या पडायला हव्यात. रंध्रं सगळीकडे अगदी एकसारखी असतील तर ती बहुधा साच्याने उठवलेली. कोल्हापुरीत शिवण चामड्याच्याच वादीची आहे ना, तेही तपासा.

नवी चप्पल चार दिवस चावेल, मग तुमच्याच पायाचा आकार घेईल. पावसात घालू नका. भिजलीच तर उन्हात टाकू नका, तंतू एकमेकांना चिकटून ती कडक होते. सावलीत वाळवा आणि मग तेलाचा हात फिरवा.